फुकटची माती

दुपारचे दोन वाजलेत. हेमलता सोफ्यावर आडवी झाली आहे, पण झोपायला नाही, असं तिने स्वतःला बजावलंय. छातीवर एक फॉर्म आहे. उद्या सकाळी सरकारी माणसं यंत्र घेऊन येणार आणि तिच्या परसातली माती दोन फूट खोल उकरून नेणार. त्याआधी फॉर्म भरून ठेवायचाय. सगळं भरून झालंय, सातवा प्रश्न तेवढा राहिलाय. या मातीत खाण्याचं काही पिकवलं का? कोणी कोणी खाल्लं? नावं लिहा. खाली चार ओळी. चार ओळींत माणसं मावतात, अशी त्यांची समजूत असावी.

न्यू जर्सीतल्या या गावात एके काळी रंगाचा कारखाना होता. पिवळा माल निघे त्या दिवशी ओढा पिवळा, निळा निघे त्या दिवशी निळा. आता तिथे महागडे फ्लॅट झालेत आणि खाली एक गोरी मुलगी योगासनं शिकवते. हेमलताचे यजमान, दिगंबरराव, त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं होते. एकदा कारखान्याने मागचं आवार खणलं आणि निघालेली माती कामगारांना फुकट वाटली. बाकीच्यांनी एकेक ट्रक नेली. दिगंबररावांनी तीन. फुकट म्हटल्यावर मिरजेचा माणूस एकावर थांबतो होय! त्या मातीत अळू असं माजलं, की वीस वर्षं गणपतीत गावातल्या झाडून साऱ्या मराठी घरांत वड्या व्हायच्या त्या हेमलताच्या पानांच्या.

तीन वर्षांपूर्वी दिगंबरराव गेले. यंदा मार्चमध्ये माती तपासली, तर तिच्यात शिसं निघालं; लहान मुलांच्या पोटात गेलं तर बोलणं, शिकणं मागे पडतं, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं. यांना ठाऊक होतं का, एवढंच तिला विचारायचंय. विचारायचं कोणाला?

कागद श्वासाबरोबर वर होतो, खाली होतो. फ्रिजची घरघर लांब लांब जाते.

"सरक जरा," दिगंबरराव म्हणतात.

ते तिच्या पायाशी बसलेत. अंगात कारखान्याचा निळा डगला, मांडीवर अळूचे कंद. एकेक कंद वर्तमानपत्रात गुंडाळतायत. थंडीत जमीन गोठायच्या आधी दरवर्षी गुंडाळायचे, अगदी तसेच, बाळंतिणीच्या कुशीतलं बाळ असल्यासारखे.

"अहो, ते टाका खाली."

"का? चांगले आहेत."

"त्या मातीत शिसं होतं."

"असेल. रंगाच्या कारखान्यात काय केशर असणार?"

सोफा कारखान्याच्या कँटीनमध्ये आहे. कँटीनच्या खिडकीबाहेर त्यांचंच परस आहे, आणि अळू खिडकीच्या वर गेलंय. पानं सुपाएवढी. दिगंबरराव हात बाहेर काढून विळ्याने पानं कापतात आणि तिच्या ओंजळीत ठेवतात. एक कापलं की तिथे दोन येतात.

"बास झाली," ती म्हणते.

"शैलाची बाजूला काढलीस का? तिला कोवळी लागतात."

शैला समोरच उभी आहे. शाळेच्या हॉलमध्ये बायकांची रांग लागलीय, जिथे दरवर्षी गणपती बसतो तोच हॉल. शैला तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. कडेवर तिचा नातू. ताटलीतली भाजी तो बोटाने चाटतोय. पाच वर्षांचा झाला, अजून अडखळत बोलतो. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे गोंधळतो, असं सगळे म्हणतात. हेमलताही तेच म्हणत आलीय. मार्चपासून मात्र म्हणत नाही.

'शैला, खाऊ देऊ नकोस त्याला.' तोंड हलतं, आवाज फुटत नाही. हात मात्र पानं वाढत राहतात. तिला ते थांबवताच येत नाहीत.

"तुम्ही तरी सांगा तिला," ती नवऱ्याला म्हणते. आता आवाज फुटतो.

"मी गेलोय, हेमा. माझं कोण ऐकतंय? जिवंत होतो तेव्हा तरी कोण ऐकत होतं म्हणा."

"मग एवढं सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

ते विळा खाली ठेवतात. हॉल रिकामा आहे. दोघं परसात उकिडवी बसलीत, मधे उकरलेली काळी माती.

"दुसऱ्याच वर्षी," ते म्हणतात. "सगळं परस खणलं, पण एक गांडूळ म्हणून निघालं नाही. मी शेतकऱ्याचा पोर. मला कळायला नको?"

"आणि गप्प बसलात."

"तू तोवर कोणाकडे जात नव्हतीस. घरात दिवसभर पडदे ओढून बसायचीस. पानं आली आणि बायका यायला लागल्या. शैला पहिल्यांदा आली ती पानं मागायलाच." ते मातीकडे बघत बोलतात. "कसं सांगायचं गं?"

तिला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते आणि डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो. दोन्ही हातांत पानं आहेत, त्यामुळे काहीच करता येत नाही.

"पण एक विचारू?" ते हळूच म्हणतात. "त्या वर्षी माझ्या शेजारी बसून कोण खणत होतं?"

ती मातीत बघते. ओल आहे, भुसभुशीत आहे, आणि हलत काहीच नाही. तेव्हाही हलत नव्हतं.

"अहो," ती म्हणते, पण समोर फ्रिज घरघरतोय.

साडेतीन झालेत. फॉर्म सतरंजीवर पडलाय, सातवा प्रश्न कोराच. हेमलता उठून बसते. मग फोन घेते आणि शैलाला लावते.

"बोल गं," शैला म्हणते. "आवाज का असा? झोपली होतीस?"

"डोळा लागला होता." फोन खांद्याशी धरून हेमलता एका हाताने दुसरा खाजवते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत लाल चट्टे उठलेत. पाण्याने थांबायची नाही अशी खाज.

"काय करतेयस? कसली खरखर येतेय?"

"हाताला खाज सुटलीय."

"अळू चिरलंस वाटतं?"

तीन वर्षांत या घरात अळूचं पान आलेलं नाही.

"हो," हेमलता म्हणते. "शैला, जरा खाली बस. तुला एक सांगायचंय."