समोरून विचारलेलं नाव

त्या काळात मी भिवंडीत विशेष शिक्षिका होते. कुठल्या मुलाला काय अडचण आहे ते हुडकायचं, हे माझं काम. प्रत्यक्षात तपासणी शिबिर लागलं की शाळा आपल्याला नकोशी झालेली मुलं तेवढी तत्परतेने पाठवत.

टेमघरकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक चौथीतल्या मुलीला स्वतः घेऊन आले. ही ऐकत नाही, वर्गाचा निकाल खाली खेचते, हिला ‘मतिमंद’ लिहून द्या, म्हणजे आमच्या शाळेतून हलवता येईल, असं ते तिच्यासमोरच म्हणाले. इतका जिव्हाळा मी क्वचितच पाहिला.

डॉक्टरांना जेवायच्या आत सगळा तालुका तपासायचा होता. त्यांनी मुलीला समोर उभं करून नाव विचारलं. तिने सांगितलं, जरा जड जिभेने. वडील काय करतात, तेही सांगितलं. म्हणजे कान ठणठणीत, आणि कान ठणठणीत असून ऐकत नाही म्हणजे बिघाड डोक्यात. हे शास्त्र इतकं सोपं असतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलंच नव्हतं.

पण ती डॉक्टरांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हती. मी म्हटलं, आता एकदा मागे उभं राहून विचारा. ते नाइलाजाने उठले. मागून नाव विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. मुलगी खिडकीतून टेम्पो बघत राहिली.

मुख्याध्यापकांचा चेहरा खुलला. “बघा, लक्षच देत नाही.”

माझं डोकं फिरलं. मी बाहेर बसलेल्या तिच्या आईला आत बोलावलं. त्यांचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला चिकटून. खडखडाटात घरातली सगळी एकमेकांचे ओठ बघून, हातवारे करून बोलत. पोरगीही तसंच शिकली.

“लूम चालू असला का आमी सगलीच बहिरी,” आई म्हणाली. “हिचं येगलं काय कलनार?”

‘मतिमंद’ टळलं. मुलीचे कान मशीनवर तपासले गेले, यथावकाश श्रवणयंत्र मिळालं आणि ती त्याच शाळेत राहिली. मला फार आनंद झाला. काही महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. यंत्र कानात होतं आणि ती पहिल्या बाकावर होती.

सरांचं बोलणं आता ऐकू येतं का, मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “सर मला येडी म्हणतात.”