साय परत येईल

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या खालच्या दाढांचं माप घेत होतो. मापाचा मसाला तोंडात घट्ट व्हायला तीन-चार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हात हलवून चालत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडून विलासची बायको, वैशालीवहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हे." मी "हं" म्हणालो आणि हात तसाच धरून उभा राहिलो. माप उत्तम आलं. त्या सकाळचं मला हेच पहिलं आठवतं आणि त्याची लाज वाटते.

याला आता सव्वा महिना झाला. त्याच्याबद्दल लिहाल का, असं रविवारच्या पुरवणीकडून विचारणं आलं तेव्हा आधी मी नाही म्हणालो. दात पाहणाऱ्या माणसाला फारसं बोलावं लागत नाही. समोरच्याचं तोंड उघडं असतं, आपलं मिटलेलं चालतं. पण जे सांगायला हवं ते प्रत्यक्ष भेटीत माझ्याकडून सांगून झालं नाही... म्हणून लिहितो आहे.

विलास वणीजवळच्या गावचा. नाशिकला हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. तो केमिस्ट्रीचा, मी डेंटलचा. पुढे दिंडोरीकडच्या एका वायनरीत तो लागला आणि चव घेण्यात असा तयार झाला, की कुठल्या टाकीत काय मिसळायचं ते त्याच्या जिभेवर ठरू लागलं. हंगामात दिवसाला तीस-चाळीस नमुने तोंडात घोळवायचे आणि थुंकायचे. गावाकडे हे कुणाच्या गळी उतरेना. "थुकायचंच हाय तर पेतो कशाला?" असं त्याचे चुलते विचारत आणि तो म्हणे, "काका, पगार थुकायचाच भेटतो."

हंगाम संपला की जांभळे पडलेले दात घेऊन तो माझ्या खुर्चीत येऊन बसायचा. पहिल्यांदा पॉलिश केलं तेव्हा मी त्याला उत्साहाने सगळं समजावलं होतं. घासून स्वच्छ केलेला दात उघडा पडतो, पण मिनिटा-दोन मिनिटांत लाळेतली प्रथिनं त्यावर येऊन बसायला लागतात. काही बुळबुळीत, ओल धरून ठेवणारी. काही कॅल्शियमला पकडून ठेवणारी. काही जंतूंना आवरणारी. थोडा स्निग्ध अंश. तास-दोन तासांत त्यांचा पडदा तयार होतो, केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा पातळ. आंबट काही आलं की आधी तो मार खातो, मग दात. "म्हणजे दुधावरची सायच की," विलास म्हणाला. मग त्याने त्याच्याकडचं सांगितलं. रेड वाइनचा तुरटपणा ही मुळात चवच नव्हे. द्राक्षाच्या सालीतली टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या त्याच प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतात, तोंडाचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ ओढल्यासारखी वाटते. "तू राखतो ती साय मी रोज लुटतो. डाक्टर, एकाच घराचा तू वॉचमन अन् मी चोर." तेव्हापासून तो शब्द आमच्यात राहिला. साय.

दोन वर्षांपूर्वी असंच पॉलिश करून गेल्यावर आठव्या दिवशी त्याचा फोन आला. "अरे, साधं पाणी तुरट लागतंय. भाकरी गिळायला तांब्या घेऊन बसावं लागतं." मी म्हणालो, "या वेळी जरा जोरात घासलं मी. साय गेलीय तुझी. परत येईल." साय दोन तासांत येते, आठ दिवस लागत नाहीत, हे मला माहीत होतं, मीच तर त्याला शिकवलं होतं. तरी वाक्य तोंडातून गेलं, आणि त्याला बरं वाटलेलं फोनवरसुद्धा कळलं.

पंधरा दिवसांनी तो क्लिनिकमध्ये आला. मी गालाच्या आतून छोटा आरसा फिरवायला गेलो तर तो चिकटला. ओल्या तोंडात आरसा सरकतो. सोडवून घेतला, पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. मग उजव्या कानाखाली अंगठ्याला फुगीर काहीतरी लागलं. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाला. न दुखणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं. मी म्हणायला लागलो, "विलास, हे एकदा..." त्याने माझा हात बाजूला केला. "आत्ता नको रे. टाक्या ठरायच्यात. याची जीभ गेली असं कंपनीत कळलं ना, तर उद्यापासून गोडाऊनला बसवतील." आणि मग, "सायीचंच आहे ना हे?"

मी "हो" म्हणालो.

त्याला काय ऐकायचंय ते मला दिसत होतं, आणि नाही म्हणून वाद घालणं माझ्या जिवावर आलं होतं. पुढच्या आठ-दहा महिन्यांत त्याच्या दातांना हिरडीलगत किडीचे खड्डे पडत गेले. एक भरला, दुसरा भरला, असे चार भरले. दर वेळी खुर्चीतून उठताना तो विचारायचा, "आली का साय?" मी म्हणायचो, "येतेय." गाठ एव्हाना हात न लावता दिसू लागली होती. विलासने कॉलरचे शर्ट घालायला सुरुवात केली. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहू लागलो.

शेवटी वहिनींनीच त्याला ओढत मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. शरीर आपल्याच लाळग्रंथींवर उलटलं होतं आणि त्या दुखण्यातून पुढे लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस तोंड कोरडं पडत होतं, कुणाला दाखवलं नाही?" विलासने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हॉस्टेलवर रेक्टरसमोर पाहायचा तसं. म्हणाला, "नाय. मीच अंगावर काढलं."

शेवटची भेट त्याच्या घरी झाली. वहिनी कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावत होत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. जीभ टाळूला चिकटत होती, शब्द सुटून यायला वेळ लागत होता. "डाक्टर... मला कळलं होतं. सायीला एवढा टाइम लागत नाय." दम घेऊन म्हणाला, "तू म्हणत होता म्हणून मी म्हणलं, असंल." इतकंच. मग कापसाकडे बोट केलं आणि मी तो त्याच्या ओठांना लावला.

तेराव्यानंतर वहिनी क्लिनिकवर आल्या. दाढ दाखवायला आल्यासारख्या खुर्चीत बसल्या, पण तोंड उघडलं नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यांना दर दोन महिन्यांनी तपासत होता. आधी कळलं असतं का हो?" मी हात धुवायला वळलो आणि म्हणालो, "सांगता येत नाही, वहिनी. अशा दुखण्याचं काही सांगता येत नाही."  माझ्या पाठीमागून "बरं" म्हणून त्या उठून गेल्या.

त्या गेल्यावर मी विलासचा केसपेपर काढला. आरसा चिकटला त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात आहे: तोंड कोरडं, उजव्या कानाखाली गाठ, तातडीने पुढे पाठवणे. खाली रेघ मारलेली. त्यानंतरच्या चार नोंदी नुसत्या फिलिंगच्या आहेत. तो कागद मी पाकिटात घालून वर तुमचं नाव लिहिलं आहे, वहिनी. टपालाने पाठवायचा धीर होत नाही. तुम्ही याल तेव्हा हातात देईन, आणि पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. रविवारी तुम्ही पुरवणी वाचता, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी इथे देतो. कळलं असतं. मला कळलं होतं.