अबोल्याच्या दोन गाड्या

ह्या गोष्टीत वाघ नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. सुप्याकडचं जंगल, डोंगर, बैलगाडी, पडक्या तटाचं जुनं गाव, एवढं सगळं आलं म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसणार, आता वाघ येतोय बघ! येत नाही. आला असता तर बरं झालं असतं. एकच पंजा बसला असता आणि विषय मिटला असता. मला जे मिळालं ते कोटवाडे ते सुपे, चांगलं चार कोस पुरलं.

आमच्या घरात तेव्हा अबोला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि बेळगावची आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, ह्या दोघांचा. नऊ वर्षांचा. कारण, फणस.

आमच्या परसात आत्यानं लहानपणी आठळी पुरून वाढवलेला कापा फणस होता. लग्न होऊन गेल्यावरसुद्धा दर उन्हाळ्यात ती गरे खायला यायची. एका साली आली तर परसात फणस नाही, आणि पुढच्या दाराला नवीकोरी चौकट! जुनी वाळवीनं खाल्ली म्हणून आप्पांनी फणस तोडून नवी केली होती. (जंगल सरकारचं, फणस घरचा, असा त्यांचा युक्तिवाद.) बहिणीला विचारावं, हे त्यांना सुचलंच नाही. आत्यानं चौकटीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि उंबऱ्याबाहेरूनच बेळगावला परत गेली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही.

नऊ वर्षांनी मामा हिवतापातून उठले. (आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो.) आत्यानं आमच्या मूळ गावच्या, कोटवाड्याच्या रवळनाथाला नवस केला होता. नवस फेडताना माहेरचा भाऊ शेजारी उभा पाहिजे, असा तिथला रिवाज. म्हणून आप्पांना निरोप आला. मामांना देवापेक्षा डोंगराची ओढ. शाळेतून पेन्शनीत निघाल्यापासून त्यांनी एक दुर्बीण घेतली होती आणि तिच्यातून बघण्यासारखं बेळगावात काही उरलं नव्हतं. तेव्हा ठरलं असं, की सकाळी डोंगरमाथा दाखवायचा, दुपारी कोटवाडे, दिवेलागणीच्या आत परत. आणि वाट दाखवायला मी. कारण मी सातवी पास, आणि रिकामा.

माझ्याबद्दल एवढंच सांगायचं, की मी नकला करतो. मास्तर, कचेरीतले कारकून, बाजारातली मासळीवाली, कुणाचाही आवाज दोनदा ऐकला की माझ्या घशात येऊन बसतो. आप्पांचा तर जन्मापासून ऐकत आलोय.

आत्या आमच्या घरी उतरली नाहीच. समोरच्या घरी उतरली. पहाटे दोन गाड्या जुंपल्या. पुढच्या गाडीत आप्पा, मागच्या गाडीत आत्या आणि मामा. मागची हाकायला पुतू नावाचा गावडोंगरीचा कुणबी. आणि मी? मी दोन्ही गाड्यांच्या मधे, पायी. अबोला असला तरी बोलायचं तर असतंच! आप्पा म्हणायचे, "सख्या, तिला इचार, ऊन लागतंय काय." मी मागं पळायचो. आत्या सांगायची, "म्हणावं, सावलीची आठवण आता झाली व्हय? सावली तर तूच तोडलीस." मी पुढं पळायचो.

आता निरोप निरोपासारखा द्यावा. पण माझा घसा ऐकतो थोडाच! आत्याचा निरोप मी आत्याच्या आवाजात दिला, मान तशीच झटकून, पदर नसताना पदर सावरून. आप्पांचा एक कान लाल झाला. त्यांचं उत्तर मी त्यांच्या आवाजात पोचवलं आणि वर पदरचं एक "हूं!" घातलं. ते "हूं!" आत्याला फार लागलं. पहिला कोस संपेपर्यंत उन्हाचा निरोप फणसाच्या मुळापर्यंत गेला, आणि नंदिगड्ड्याच्या फाट्याला दोघांनी मला स्वतंत्रपणे बजावलं, की आता काही सांगू नकोस आणि काही आणू नकोस. मामा आत बसून दुर्बिणीनं बैलाची शेपटी बघत होते.

डोंगराच्या पायथ्याशी गाड्या सोडल्या. आप्पा म्हणाले, बैलांना पाणी दाखवून मागनं येतो. आम्ही तिघं वर चढलो. वर पोचलो आणि बघतो तर डोंगर नाही, दरी नाही, आकाश नाही. धुकं! आपलाच हात लांब केला तर दुसऱ्याचा वाटावा असं.

पण वाटाड्यानं गप्प बसून कसं चालेल? मी हात लांब केला. "ही समोर काळी नदी, असा वळसा घेऊन गेलीय. हा अणशीचा घाट. आणि त्याच्या पलीकडं ती रेघ दिसते ना, तो कारवारचा समुद्र." (स्वच्छ दिवशी समुद्र दिसतो असं लोक म्हणतात. मी कधी पाहिला नव्हता.) मामांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघून म्हणाले, "काळं काहीतरी हलतंय खरं."

"गलबत असंल, मामा."

मामा खूश. ते गलबत नीट बघायला चार पावलं पुढं गेले आणि धुक्यात मिटले. मी चार पावलं मागं सरकलो. मधे आत्या एका दगडावर बसली होती. ती कुणाशी बोलतेय असं नव्हे, नुसतीच धुक्याला म्हणाली, "ह्याच दगडावर बसून आमी दोघं गरे खाल्लेले. आबांच्या संगं रवळनाथाला जाताना. आठळ्या सगळ्या शिवाच्या खिशात." आबा म्हणजे माझे आजोबा, शिवा म्हणजे आप्पा. मग तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "अजून आला न्हाई व्हय तो?"

मी शपथेवर सांगतो, माझा काही विचार नव्हता. घसाच आपला आपण बोलला, आप्पांच्या आवाजात, धुक्यातून:

"अक्का, चुकलो मी. तुला इचारायला पायजे हुतं."

मला वाटलं, आत्या आता उठून बघणार. ती उठली नाही. दगडावरूनच हळूच म्हणाली, "एवढं म्हणायला नऊ वर्सं लागली काय रे तुला?"

इथं मी थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण चांगली रंगलेली नक्कल मधेच टाकून देणं मला आजपर्यंत जमलेलं नाही. मी म्हणालो, परसात दुसरा फणस लावतो. मी म्हणालो, दिवाळीला स्वतः न्यायला येतो. मग माझ्या जिभेला पंख फुटले, आणि मी आप्पांच्या आवाजात आप्पांच्या घराची चौकट काढून टाकायचं वचन देऊन बसलो!

आणि नेमकं तेव्हाच धुकं वर उचललं.

आप्पा कुठंच नव्हते. समुद्रही नव्हता. मी मामांना बरोबर उलट्या अंगाला तोंड करून उभं केलं होतं. समोर, खाली, आमचंच सुपे होतं. आणि गलबत दहा हातांवर उभं राहून रवंथ करत होतं. म्हैस. मामांनी तिला पायापासून शिंगापर्यंत दुर्बिणीतून पाहिलं, मग दुर्बीण वळवून तेवढ्याच शांतपणे मला पाहिलं.

आत्यानं विचारलं, शिवा कुठं गेला. मी म्हटलं, लाजून खाली उतरले, आणि ह्यातलं त्यांच्यापुढं काही काढू नको म्हणालेत. आत्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि "बरं" म्हणाली.

खाली आलो. आप्पा बैलांपाशी बसले होते. चढण बघूनच त्यांचं मन फिरलं होतं. आत्यानं डबा उघडून लाडू काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, दे जा त्याला. आप्पा त्या लाडवाकडं विंचवाकडं बघावं तसं बघत राहिले. हिला काय झालं, म्हणाले. आता एका बाजूची माफी करून झाली होती. दुसऱ्या बाजूची न करणं बरं दिसलं नसतं. मी सांगितलं, आत्या म्हणाली, झाडापायी एवढं ताणायला नको होतं. आप्पांनी लाडू खाल्ला, आणि हातावर पडलेली कणीसुद्धा.

कोटवाड्यात पोचलो तेव्हा मी भलताच खुशीत होतो. मामांना तटाचा पडका बुरूज दाखवला, वाटेवरचे कोरीव दगड दाखवले. एका दगडासमोर उभा राहून सांगितलं, हा आमचा पणजोबा, तलवार घेऊन शत्रूवर धावला तो. शेजारी गवत कापणारी म्हातारी म्हणाली, "बाबा, ती बाई हाय. सती गेल्याली." मामांनी तिचे आभार मानले आणि पुढचे सगळे दगड तिच्याकडूनच समजून घेतले.

मग देऊळ. आणि देवळात गाऱ्हाणं.

हे मी साफ विसरलो होतो. आमच्याकडं देवाला मनातल्या मनात सांगून भागत नाही. गुरव मोठ्यानं सगळं देवापुढं मांडतो, आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून हुंकार भरतो. त्या हुंकारानंतर शब्द फिरवता येत नाही. नवसाची बातमी लागल्यामुळं तीस-चाळीस माणसं जमली होती. आप्पा एका बाजूला, हातात नारळ घेतलेली आत्या दुसऱ्या बाजूला. गुरवानं विचारलं, काय काय सांगू देवाला. आत्या पुढं झाली आणि त्याला हळू आवाजात सांगत राहिली. फार वेळ सांगत राहिली.

गुरवानं हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा! ही तुजी लेक परगावी दिल्याली, धन्याला हिवतापातनं उठवलंस म्हणून तुझ्या दारात आलीया."

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या भावानं आज डोंगरावर हिची माफी मागितली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. आप्पांनी मान वर केली.

"परसात नवा फणस लावतो म्हणाला. दिवाळीला न्यायला येतो म्हणाला. आनि हिच्यासाठी घराची चौकट काढून टाकतो म्हणाला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी देवाकडं पाहिलं. देवानं काही पाहिलं नाही.

गुरव थांबला. म्हणाला, घरधनी बोलंना, देवाला घरधन्याचं उत्तर पायजे. गावही थांबलं. आत्या आप्पांकडं बघत नव्हती. तिचे केस पुष्कळ पिकलेत, हे मला तेव्हा दिसलं. मग पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. आप्पा 'न्हाई' म्हणाले असते तर खोटं काहीच नव्हतं. फक्त नऊ वर्षांपूर्वी घराच्या दारातून गेलेली आत्या आज देवाच्याही दारातून गेली असती, आणि पुन्हा आली नसती. ते सगळं माझ्या एका घशापायी.

आप्पांनी घसा खाकरला. दोनदा खाकरला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. मग जरा थांबून, हात जोडूनच, "पण चौकट तेवढी ऱ्हाऊ दे, म्हाराजा. काढली तर भिंत येतीया खाली."

पहिल्यांदा गुरव हसला, मग गाव, मग मामा. आत्या हसली नाही. ती आप्पांकडं वळली आणि देवाला मधे न घालता, मला मधे न घालता, सरळ त्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ दे की, शिवा. माझंच झाड हाय ते. आत-भाईर करताना हात लावीन त्याला."

आप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. मी त्या वेळी ज्याला ज्याला आठवलं त्याचे मनात आभार मानले: रवळनाथाचे, गुरवाचे, धुक्याचे, त्या म्हशीचे. आजही मानतो. दर दिवाळीला आत्या आमच्याकडं असते, चौकटीवर तळवा टेकून आत येते, आणि परसातला नवा फणस आता माझ्या छातीला लागतो.

पण आभार मानून होतात न होतात तोच दोघांनी मला देवळामागं बोलावलं.

आप्पांनी विचारलं, "डोंगरावर मी कुटं हुतो रे?" मी उत्तर शोधतोय तोवर आत्याच म्हणाली, मला काय कळलं न्हाई व्हय? जन्मात ह्याच्या तोंडातनं 'चुकलो' आलं न्हाई, ते डोंगरावर एका दमात येतंय? कळलं पहिल्याच शब्दाला. पण म्हटलं, पोरानं एवढं बोललंय तर देवाम्होरं वसूल करून घ्यावं.

तिथून सुप्यापर्यंत दोघं एका गाडीत बसले आणि मला शेजारून चालवत आळीपाळीनं बोलले. बापाच्या तोंडी शब्द घालतोस. देवाला फसवतोस. म्हशीला गलबत म्हणतोस. एक दमलं की दुसरं सुरू. नऊ वर्षांचं साठलेलं बोलणं, सगळं माझ्यावर! शेवटच्या कोसाला आप्पा म्हणाले, "आनि माझा आवाज काय असा बोकडागत हाय?"

"हाय की," आत्या म्हणाली.

"न्हाई."

"ल्हानपणापास्नं हाय."

हा वाद मिटेना. तेव्हा गाडी थांबवली, मला समोर उभं केलं आणि दोघांनी हुकूम सोडला, म्हणून दाखव. मी म्हणून दाखवलं. लगेच आप्पांनी माझा उजवा कान पिळला, आवाज जमला नाही म्हणून. आणि आत्यानं डावा, हुबेहूब जमला म्हणून.