कंडक्टरबाईंनी अडवलेला टँकर

कंडक्टरबाईंना निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना दुसरं नाव कधी पडलंच नाही. सव्वीस वर्षं बसमध्ये उभं राहून त्यांनी दारुड्यांना खाली उतरवलं, दादागिरी करणाऱ्यांना तिकीट काढायला लावलं. त्यांनी "पुढे सरका" म्हटलं की पुढे तसूभर जागा नसली तरी माणसं सरकायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा एकूण स्वभाव. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं सांगितलं, तेव्हा घरातले सगळे रडले आणि बाईंनी विचारलं, "मग आता करायचं काय, तेवढं सांगा."

करायचं होतं डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचं, म्हणजे ते रक्त गाळून देणार. दिवसाला चार कप पाणी, त्याच्यावर घोट नाही. केळं नाही, संत्रं नाही, मीठ बेतानं. डाव्या हातात शिरा जोडून सुयांसाठी जागा केलेली, त्या हातानं जड उचलायचं नाही आणि त्याला कुणाला रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही. बाईंनी हे नियम तोंडपाठ केले आणि जो मोडायला आला त्याला सरळ केलं. त्यात सख्खी बहीणही सुटली नाही.

वादळ आलं गुरुवारी रात्री. शुक्रवारचं डायलिसिस बुडालं. घराचे पत्रे उडून गेले, मुलगा कामासाठी परगावी, फोन सगळे बंद. मग सासू-सून दोघी शाळेत उघडलेल्या निवाऱ्यात आल्या. रविवार उजाडेपर्यंत बाईंचे पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून दोन रात्री त्यांनी भिंतीला पाठ लावून बसून काढल्या. आज-उद्यात मशीन मिळालं नाही तर छातीत पाणी भरेल, नाहीतर काळीज मध्येच थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुनेलाही ठाऊक होतं. दोघी एकमेकींना "चहा घेणार का?" एवढंच विचारत होत्या.

सकाळी मदतीला आलेली एक मुलगी केळी आणि मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन वर्गात शिरली.

"आजी, किती गळून गेलात हो! ही दोन केळी खा आणि ही बाटली सगळी संपवा."

"ही बाटली प्यायले तर संध्याकाळपर्यंत मीच संपेन," बाई म्हणाल्या. "आणि आजी कुणाला म्हणतेस? बाई म्हण."

"लोकांना मिळत नाहीये आणि तुम्ही नखरे करता?"

बाईंचा पारा चढला. त्यांनी बाही वर करून डावा हात पुढे केला. सुयांच्या खुणांनी भरलेला, दोरखंडासारखा फुगलेला तो हात बघून मुलगी दोन पावलं मागे सरकली. "याला डायलिसिस म्हणतात. आता घाबरू नकोस, कामाला लाग. तुझा आवाज खणखणीत आहे. वर्गावर्गात जाऊन विचार, डायलिसिसवालं कुणी आहे का. आणि असेल त्याच्या हातातलं केळं आधी काढून घे."

मुलगी चांगली होती. दहा मिनिटांत ती शेजारच्या वर्गातून टेलरला धरून घेऊन आली. हा टेलर डायलिसिस केंद्रात बाईंच्या शेजारच्याच खुर्चीत बसायचा. हातात अर्धं केळं होतंच.

"बाई, फार भूक लागली होती हो," तो ओशाळून म्हणाला.

"टाक ते. चालता येतंय ना? चल मग."

डायलिसिस केंद्र तिथून तीन स्टॉप लांब. बाई अजूनही अंतर स्टॉपमध्येच मोजत. सून काठी घेऊन पुढे, कारण रस्त्यावर साचलेल्या पाण्याखाली कुठल्या गटाराचं झाकण गेलंय ते दिसत नव्हतं. ती आधी टोचून बघायची, मग पाऊल टाकायची. मागून बाई आणि टेलर, वीस पावलं चालायचे आणि थांबायचे. दुसऱ्या स्टॉपपाशी रस्त्यावर तार लोंबत होती. "वीज कुठे आहे आता? मेलेली असेल तार," टेलर म्हणाला. बाईंनी त्याच्या सदऱ्याला धरून त्याला मागे ओढलं. "मेलीय की जिवंत आहे, ते तू बघायचं नाहीस." मागच्या रस्त्यानं वळसा पडला, टेलर रडकुंडीला आला. बाईंनी त्याला सगळी वाट शिव्या घालत चालवलं. शिव्या थांबल्या असत्या तर तो बसला असता.

केंद्र उघडं होतं. जनरेटर चालू होता. चारपैकी तीन मशीनं ठीक होती. तिघं पेशंट आधीच येऊन बसले होते. आणि पायरीवर डोकं धरून बसला होता तंत्रज्ञ, जो गुरुवारपासून घरी गेला नव्हता.

"मावशी, सगळं आहे, पाणी नाही," तो म्हणाला. "नळाची लाइन तुटली, वरची टाकी वाऱ्यानं खाली आली. आपल्या पाच पेशंटांची नावं घालून मदत केंद्राला चिठ्ठी पाठवली, तर त्यांनी हे पाठवलं."

भिंतीलगत पिण्याच्या पाण्याचे पाच निळे जार ओळीनं उभे होते.

"पाच पेशंट, माणशी वीस लिटर," तंत्रज्ञ म्हणाला. "मशीनला एका माणसामागे अडीचशे लागतं. परत चिठ्ठी पाठवली, तर म्हणाले तुमच्या नावापुढे 'पुरवठा झाला' अशी खूण आहे."

बाईंना आधी हसू फुटलं. ज्यांना घोटघोट मोजून प्यावं लागतं, त्यांच्या दारात पिण्याच्या पाण्याचे जार! मग हसता हसता दम लागला आणि दमाबरोबर संताप आला. याद्या करणारा कुणीतरी कोरड्या खोलीत बसून माणशी वीस लिटर लिहून मोकळा झाला होता, आणि त्या आकड्यापायी ही पाच माणसं मरणार होती. एवढं साधं होतं ते.

बाहेर जड गाडीचा आवाज आला. "सकाळपासूनचा तिसरा टँकर," तंत्रज्ञ म्हणाला. "हात दाखवला तरी थांबत नाहीत."

बाई रस्त्यावर आल्या. पडलेल्या झाडाच्या फांद्या चुकवत टँकर माणसाच्या चालीनं येत होता. बाईंनी हात दाखवला नाही. त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि दरवाजा समोर आला तशी उजव्या हाताची थाप पत्र्यावर मारली. एकच, सणसणीत. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे जड गाडी चालवणाऱ्या माणसाच्या पायाला कळतं, डोक्याला विचारावं लागत नाही. ब्रेक लागला. शेजारी बसलेल्या, मदत केंद्राच्या साहेबांची यादी मांडीवरून खाली पडली.

"कुणी थांबवली गाडी?" साहेब ओरडले.

"मी," बाई म्हणाल्या आणि चालत जाऊन टँकरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "पाणी कुठे चाललंय?"

"विश्रामगृहावर. उद्या पाहणीला वरचे लोक येतायत. बाजूला व्हा."

"म्हणजे त्यांच्या आंघोळीला. आम्हाला जगायला हवंय."

साहेबांनी यादी उचलून बोट फिरवलं. "तुमचं झालंय. काल पाच जार."

"आणा गं ते जार," बाईंनी सुनेला हाक मारली. सून आणि तंत्रज्ञ यांनी पाचही जार आणून चाकांपुढे ठेवले. "हे तुमचं घेऊन जा. एवढं पाणी पिऊन संपवायला आम्हाला महिना लागेल, आणि महिनाभर आम्ही टिकत नाही."

"बाई, मी काय करू? वरून ऑर्डर आहे."

"लावा फोन वर."

"फोन बंद आहेत ना!"

"मग वर कुणीच नाही. आहात ते तुम्हीच."

साहेब गाडीतून उतरले. माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता. तीन दिवसांत सगळ्या गावानं त्यांच्यावर तोंडसुख घेतलं होतं. "उद्या माझ्यावर ठपका येईल, तो कोण घेणार?" ते म्हणाले.

बाई वाकल्या, साडी घोट्यावरून थोडी वर घेतली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा तिथे खड्डा राहिला होता. सगळे बघत राहिले. तो भरेचना.

"चार दिवसांचं पाणी आहे हे," बाई म्हणाल्या. "पायातून पोटात, पोटातून छातीत चढतंय. आत आणखी चौघं असेच बसलेत. तुमच्या यादीत हे कुठल्या रकान्यात बसतं, तेवढं दाखवा, मी बाजूला होते."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणी न सांगता तो उतरला आणि मागचा पाइप ओढायला लागला. "साहेब, गाडी वाटेत बंद पडली असं लिहा," तो म्हणाला.

"खोटं कशाला लिहायचं?" बाई कडाडल्या. "एका बाईनं अडवली असं लिहा. माझं नाव घाला, पत्ता घाला. छप्पर उडालंय, पण दार आहे जागेवर."

पाणी खालच्या टाकीत पडलं, गाळण यंत्रातून गेलं. तंत्रज्ञानं पाची जणांच्या छाती-पाठीला नळी लावून बघितलं आणि ज्यांची अवस्था वाईट त्यांना आधी घेतलं: टेलर, बाई आणि कोपऱ्यातले एक काका. दोन-दोन तासच, म्हणजे सगळ्यांना मशीन मिळेल. सुया टोचल्या, मशीन फिरायला लागलं. बाई खुर्चीत रेलल्या आणि तासाभरानं त्यांना जाणवलं की दोन दिवसांत पहिल्यांदाच आपण रेलून श्वास घेतोय. सून पायाशी बसून रडत होती. बाईंनी तिला रडू दिलं. इतका धीर धरला होता पोरीनं.

तेवढ्यात साहेब कागद घेऊन आत आले. "एवढी सही करा. पाणी मिळालं, तक्रार नाही, असं. म्हणजे तुमचं प्रकरण मिटलं."

बाईंनी कागद वाचला आणि परत दिला. "मिटलं? साहेब, हे आज गाळलेलं रक्त परवा पुन्हा खराब होतं. मंगळवारी टँकर किती वाजता येतोय?"

"मंगळवारी?"

"मंगळवारी. मग गुरुवारी. नळाला पाणी येईपर्यंत. मी मरेपर्यंत म्हणणार होते, पण तेवढा काळ तुम्ही नोकरीत नसाल."

टेलरला हसू आलं. मशीनला जोडलेला हात हलू नये म्हणून त्यानं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला.

साहेबांनी स्टूल ओढलं, कागद गुडघ्यावर घेतला आणि खाली एक ओळ लिहिली.

"नऊ वाजता," ते म्हणाले.

"सात करा," बाई म्हणाल्या. "पाच माणसं आहोत."

त्यांनी नऊ खोडून सात केले. बाईंनी उजवा हात पुढे केला, पेन घेतलं आणि सही ठोकली.