जिताड्याचा जोर

शुक्रवार, नवरात्र बसायच्या आधीचा. लूम बंद.
हजर: मी, आमचे हे, मुलगी, धाकटे दीर.
गैरहजर: आत्या.

हे शेवटचं लिहिताना बरं वाटलं नाही. आत्या म्हणजे ह्यांच्या आत्या, खारबावला राहतात. दिरांचे लूम, म्हणजे कापडाचे माग, नारपोलीत. शुक्रवारी ते बंद असतात, म्हणून आमचा पत्त्यांचा डाव शुक्रवारी दुपारी, टेमघरला आमच्या घरी. आत्या जेवायलाच येतात. पण आदल्या शुक्रवारी त्या सगळे डाव हरल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "मना न्हाय जमत आता. डोकं चालत न्हाय. पुढच्या टायमाला मना धरू नका."

डाव म्हणजे तीनपत्ती किंवा रमी नव्हे. मुलीने शाळेपासून जमवलेली कार्डं आहेत, राक्षस, यंत्रं, समुद्रातली जनावरं अशा चित्रांची. तिला नोकरी लागली आणि खोके माळ्यावर गेले. मी गोदामात मालाची आवक-जावक बघते. वापरात नसलेला माल पडून राहिलेला मला बघवत नाही. खोके खाली काढले, एकसारखी कार्डं बाजूला केली, उरलेल्यांचे रंगाप्रमाणे पाच गट लावले. इंग्रजी मजकूर आत्यांना वाचता येईना, म्हणून प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात घालून वर मराठी चिठ्ठी सरकवली: नाव, काम, जोर. नावंही आपलीच दिली. निळा गट झाला खाडी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या माशाचं नाव जिताडा, जोर सहा. राखाडी गटातल्या यंत्राला नाव दिलं लूम. दीर म्हणाले, "वहिनी, माझा लूम एवढा दणकट असता तर मी मिस्त्री कशाला ठेवला असता?"

खेळायची पद्धत मुलीने शिकवली. प्रत्येकाला एक गड्डी मिळते. त्यातलं एक कार्ड ठेवायचं, उरलेली गड्डी डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून आलेल्या गड्डीतून पुन्हा एक उचलायचं. गड्ड्या संपेपर्यंत हेच. मग हातात जे जमलं असेल त्यावर एकेकाशी खेळायचं. ह्याला ड्राफ्ट म्हणतात. यात मेहनत खेळणाऱ्याची नाही, मांडणाऱ्याची. कुठलाही गट घेतला तरी जिंकता आलं पाहिजे, नाहीतर चार दिवसांत सगळे एकाच रंगावर तुटून पडतात.

म्हणून कोण कुठल्या रंगावर जिंकलं ते मी टिपून ठेवत होते. खाडी सारखी जिंकत होती. माझ्या दृष्टीने सरळ होतं, खाडी बाकीच्या गटांपेक्षा जड झाली. मी जिताड्याचा जोर सहावरून चार केला, खाडीला बळ देणारी भरतीची दोन कार्डं काढून टाकली. त्याच शुक्रवारी आत्या हरल्या. खाडी नेहमी त्यांच्याच हातात असायची हे मला माहीत होतं. त्यांना तो रंग आवडतो, एवढंच मी समजले होते.

तर आत्यांशिवायचा हा शुक्रवार. खाडी जड होती का, हे एकदा नीट पाहू म्हणून मी जिताड्याला जुनी चिठ्ठी लावली, भरतीची कार्डंही परत घातली. पहिल्याच गड्डीत तो मुलीकडे आला. तिने घेतला आणि दिरांकडून हरली. दुसऱ्यांदा खाडी ह्यांनी घेतली. हेही हरले. तिसऱ्यांदा मी. माझी तर मुलीने पार दाणादाण उडवली.

"ही खाडी तर रिकामी आहे," हे म्हणाले. "मग आत्या कशा जिंकत होत्या?"

मुलगी कार्डं गोळा करत होती. "बाबा, खाडीतली चांगली कार्डं सगळी एकाच हातात गेली की जिंकतं कुणीही. मी तर जिताडा आला की पुढेच देते. तो आत्याआजीचा."

"तू पण?" दीर म्हणाले. "मी भरती सोडतो."

दोघांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाणी प्यायला उठले. उरले मी. मीही सोडत होते, आणि ते मी कुठेच टिपलं नव्हतं. आमच्याकडे मासळी केली की डोक्याकडचा तुकडा आत्यांच्या ताटात जातो. कुणी कुणाला सांगत नाही. गड्डी फिरवतानाही आमचे हात तेच करत होते. खाडी जड नव्हती. आम्ही आत्यांना वाढत होतो.

दुसऱ्या दिवशी गोदामातून स्कूटरने थेट खारबावला गेले. आत्या ओट्यावर वाल सोलत होत्या. वाटेत ठरवलं होतं की जोर कमी केल्याचं तेवढंच सांगायचं. सांगितलं. "डोकं चालतंय तुमचं, आत्या. जिताडा मी लंगडा केला होता."

"मग आधी मी जिंकत होते ती कशी?"

मी एक वाल सोलायला घेतला. आत्यांनी वालाचं टरफल माझ्याकडे फेकलं.

"वाढत होता ना मना? म्हातारी म्हणून?"

"म्हातारी म्हणून नाही. जिताडा तुमचा म्हणून."

त्यांनी सोललेले वाल ताटात सारले. मग म्हणाल्या, "आनि मी काय करत होते? तो तुजा दीर बसतो माज्या डावीकडं. दर टायमाला लूम मी त्याला सोडते. त्याला यंत्रावाचून काय जमतं? तरी हरतो मेला!"

म्हणजे माझी टिपणं दोन्हीकडून फुकट. मला हसू आवरेना, मग त्यांनाही.

"येते मी शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "पन कोनी कोनाला सोडायचं न्हाय. सोडलं तर मी उटून जाईन."

आल्या. पहिल्याच गड्डीत लूम आला, तो दिरांच्या डोळ्यांदेखत उचलून स्वतःसमोर ठेवला.

"आत्या, घरच्या माणसाला लुटताय!"

"लुटतेच हाय. बस खाली."

जिताडा माझ्याकडे आला. माझा हात पुढे द्यायला निघालाच होता. आत्या चष्म्यावरून बघत होत्या. मी तो ठेवून घेतला. त्या दिवशी आत्या दोन डाव हरल्या, एक जिंकल्या, आणि जिंकलेला डाव लूमवर. जाताना चपला घालून दारात थांबल्या. "डोकं चालतंय ग," असं स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या.

सगळे गेल्यावर पत्ते रंगाप्रमाणे लावले. आता खाडी खरोखरच हलकी आहे, तिला जोर वाढवून द्यायला हवा. दीर म्हणतात जिताडा सात करा. मुलगी म्हणते सहाच ठेव, भरतीची कार्डं वाढव. आत्यांना विचारलं तर म्हणतात, मना विचारू नका, परत वाढल्यासारखं होईल. नवी चिठ्ठी कापून ठेवली आहे. नाव लिहिलं, काम लिहिलं. जोराची जागा अजून कोरी आहे.