सरळ कामट्या

आमचे हे दोनदा वारले. पहिल्यांदा गर्दी जास्त होती.

रिटायर झाल्यावर ह्यांना तिरंदाजीचं वेड लागलं. तेही जुन्या पद्धतीचं! धनुष्य बांबूचं, बाण बांबूचे, आणि सगळं घरी केलेलं. (संसारात ह्यांनी घरी कधी चहासुद्धा केला नव्हता.) पारशिवनीहून माझा भाऊ बांबू पाठवायचा. ते फोडून कामट्या काढायच्या, विस्तवावर शेकत शेकत सरळ करायच्या, मग तासून गोल. तासणं ह्यांचं, शेकणं माझं. आमच्या प्रताप नगरात पापड शेकणाऱ्या पुष्कळ, बाण शेकणारी मी एकटी.

मग ह्यांच्या हृदयानं दगा दिला. धंतोलीच्या दवाखान्यात बायपास ठरली. आत नेताना बाकीची माणसं देवाचं नाव घेतात. हे मला म्हणाले, "कामट्या आजच शेकून घे वं. वाकड्या वाळल्या तं मंग सरळ होत नाहीत."

मुलगा दवाखान्यात थांबला, मला घरी पाठवलं. घरी बसवेना. हात कामात असले की मन गप्प राहतं, म्हणून दारासमोर मडक्यात गोवऱ्या पेटवल्या. बाजूला दोन लांब बांबू, कामट्यांचा ढीग, सुतळी. मोबाईल मांडीवर. धुरानं डोळे वाहत होते. (नुसत्या धुरानं नाही.)

समोरच्या सुमनबाईंनी गॅलरीतून हे पाहिलं. आता नवरा दवाखान्यात, दारात बांबू, सुतळी, मडक्यात विस्तव, आणि बाई रडते आहे. त्यांनी दुसरं काय समजावं?

त्यांचे यजमान गजाननराव खांद्यावर पंचा टाकून आले. आमच्या गल्लीत कोणीही जावो, तिरडी तेच बांधतात. थेट खाली बसले आणि सुतळीनं बांबू-कामट्या बांधायला लागले. मला वाटलं, बिचारे बाणांची जुडी बांधून राहिले! म्हटलं, "भाऊजी, वाकडी कामटी नका घेऊ. ह्यांले चालत नाही."

त्यांना गहिवरून आलं. "वैनी, आता त्यांले काय समजते?"

"काहून नाही? एक डोळा मिटून पाहतात."

बाईचं डोकं फिरलं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर अंगण भरलं. कोणी हार घेऊन आलं. सुमनबाईंनी मला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "रड वं बाई, मोकळी रड."

तेव्हा समोरच्या तिरडीकडे माझं नीट लक्ष गेलं. आणि खरं सांगते, हसू नाही आलं. वाटलं, सगळ्यांना कळलं आणि मलाच सांगायचं राहिलं. मुलाची छाती झाली नसेल, शेजाऱ्यांना कळवलं असेल. मी असा हंबरडा फोडला की ज्यांना अजून शंका होती त्यांचीही फिटली!

त्यातच फोन वाजला. उचलायची माझी हिंमत होईना. सुमनबाईंनीच तो माझ्या कानाला लावला.

"आई, बाबा शुद्धीवर आले. विचारून राहिले, कामट्या झाल्या काय?"

हे घरी आले, त्याच कामट्यांचे बाण करून मारले, आणि येईल त्याला आपल्या तिरडीची गोष्ट सांगितली. पुढे आमच्या दारात मडकं पेटलं की अख्खी गल्ली हसायची.

मग एका हिवाळ्यात हे खरंच गेले. सकाळी, समोरचा चहा निवत असताना. मुलानं बांबू बाहेर काढले, मी मडकं पेटवलं. गजाननराव गाडीवर भाजीला चालले होते. तिथूनच म्हणाले, "काय वैनी, नवे बाण काय?" सवयीनं माझी नुसती मान हलली. ते हसत पुढे गेले.

कोणीच येईना. शेवटी मुलानं आणि मीच तिरडी बांधली, ह्यांच्या बाणांसाठी शेकून ठेवलेल्या कामट्यांची. खरं कळल्यावर गजाननराव धावत आले, हातात मेथीची पिशवी तशीच. मग कामट्यांवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "वैनी, इतकी सरळ तिरडी म्या जिंदगीत नाही पाहिली."

आणि काय सांगू, त्या घडीलाही मला जरा बरं वाटलं.