पोडियमवरचे डेलिया

गायकवाडबाईंशी माझी ओळख झाली ती त्यांचे नुकसान करून. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. मी मराठीचा नवा अधिव्याख्याता. ऑक्टोबर होता. मागच्या अंगणात बाई डेलियाचे कंद फोडत बसल्या होत्या. मी मदत करू का म्हणून विचारले. त्यांनी सुरी हातात दिली आणि त्या तासाला गेल्या. परतल्या तेव्हा मी जाडजूड कंद सुटे करून ओळीने मांडले होते. देठाकडचे तुकडे कचऱ्यात टाकले होते.

"बटाटे समजलात काय, सर? डेलियाचा डोळा देठापाशी असतो. तोच तुम्ही फेकलात. हे आता कुजणार."

मी माफी मागितली.

"माफीनं उगवतात काय? पुढच्या ऑक्टोबरात या. हात बसेपर्यंत येत राहा."

सव्वीस वर्षे मी जातो आहे.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी या गौरवांकात त्यांचे विद्यार्थी लिहितील. मी डेलियाविषयी लिहितो, कारण तो विषय अजून मिटलेला नाही.

बाईंचे वडील चेंबूरला एका बंगल्यावर माळी होते. तिथे मेंदीच्या कापलेल्या कुंपणाआड डेलिया सरळ रेषेत, एका उंचीचे लावायचे, असा नियम होता. हंगाम संपला की बारीक कंद फेकून देत. वडील ते घरी आणून पत्र्याच्या डब्यांत लावत. बंगल्याचे फूल झोपडीच्या दारात म्हणून वस्तीतले लोक हसत. वडील लावत राहिले. बाईंनी हे मला एकदाच सांगितले. पुढे म्हणाल्या, "फूल कुठं शोभतं ते मालक ठरवतो. फुलाला विचारलंय कुणी?"

माझी पत्नी घाटकोपरला इस्पितळात होती तेव्हा बाई अकरा दिवस डबा घेऊन आल्या. रोज काचेच्या ग्लासात एक डेलिया ठेवून जात. मी आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, "याला वास नाही म्हणून आणते. आजारी माणसाला वास नको होतो."

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या सोसायटीची नवी इमारत उभी राहिली. पार्किंगच्या छतावर, ज्याला आता सगळे पोडियम म्हणतात, बाग करायचे ठरले. पांढरे गोटे, बांबू, हिरवळ. बाईंनी डेलिया सुचवले. बागेचा आराखडा करणारे तरुण गृहस्थ हसले.

"मॅडम, डेलिया जुनाट दिसतो. आपली थीम मिनिमल आहे ना."

"मग एकच लावते. एकापेक्षा मिनिमल काय असतं?"

त्यांनी खरोखर एकच लावला. गोट्यांच्या मधोमध, काळ्या कुंडीत, एकेरी पाकळ्यांचा, गडद किरमिजी. शेजारी काही नाही. जानेवारीत लोक तिथे थांबून फोटो काढू लागले. मग बाईंनी जिन्यालगत मेंदीची बुटकी कड करून तिच्या आत ठेंगणे पिवळे लावले, वडील लावत तसे, सरळ रेषेत. कोपऱ्यात झेंडू आणि कॉसमॉस यांच्या गर्दीत हवे तसे वाढू दिले. वांगी आणि मेथीच्या वाफ्यात उंच लाल लावून जुन्या साडीच्या पट्टीने काठीला बांधले. चार तऱ्हांच्या बागा, फूल तेच. एकाही ठिकाणी ते परके दिसत नव्हते.

मंजूर आराखड्यात नसलेली झाडे काढावीत, अशी नोटीस लागली. त्या दिवशी मी तिथे होतो. सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, सोनचाफा लावा की. याला वास नाही, देवाला चालत नाही. कशाला हट्ट?"

"आमच्या विहारात चालतं."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मला तसंच म्हणायचंय. काढायचं तर तुम्ही काढा. मी माझ्या हातानं काढणार नाही."

सचिवांनी हात लावला नाही. बाईंनी मात्र पुढच्या ऑक्टोबरात सगळे कंद फोडले आणि पोडियमपुरते ठेवून मागेल त्याला एकेक दिला. वॉचमनने कांदिवलीला आपल्या दारात लावला. मालाडच्या एका शाळेने कुंपणाशी लावला. त्याच इमारतीतल्या नऊ घरांनी खिडकीत लावला. सचिवांच्या पत्नीही घेऊन गेल्या.

"आता पोडियम उपटलं तरी हरकत नाही," बाई मला म्हणाल्या. "किती ठिकाणी उपटतील?"

नोटीस अजून फलकावर आहे. डेलियाही आहेत.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो असे सगळेच म्हणतील. मीही म्हणतो, पण त्यात माझा स्वार्थ आहे. गेल्या ऑक्टोबरात मी फोडलेल्या कंदांपैकी दोनांना डोळा नव्हता. बाईंनी ते उचलून माझ्यासमोर ठेवले. माझा हात अजून बसलेला नाही. तो बसेपर्यंत त्यांना सुटका नाही.